देवी, महिष आणि एक सामाईक रेषा

तुळजाभवानीची मूर्ती क्षणभर आठवा. हातात त्रिशूळ, पायाशी महिषासुर. कोण जिंकलं, कोण हरलं, हे एका नजरेत कळतं. आता ती मूर्ती मनात तशीच राहू द्या आणि माझ्याबरोबर तय्यब मेहता यांच्या १९९७ सालच्या ‘महिषासुर’ या चित्रासमोर या.

इथे रंग सपाट आहेत. छायाप्रकाश नाही, मागे कसला देखावा नाही. एक बारीक, ठाम रेषा देवीच्या अंगावरून निघते आणि वळता वळता महिषाची होऊन जाते. दोन्ही देह एकमेकांत असे गुंतलेत की ही झुंज म्हणावी की मिठी, असा प्रश्न पडतो. महिष म्हणजे दुष्ट शक्ती, देवी म्हणजे विजय, असा अर्थ घरूनच घेऊन आलात तर इथे तो लागू पडत नाही. आधी रेषेमागून नजर फिरवावी. अर्थ तिच्याच वळणांत आहे.

तय्यब मुंबईत वाढले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये येण्यापूर्वी ते सिनेमाच्या संकलनाचं काम करत. फिल्म कापायची, जोडायची. पुढे १९६९च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवर एक तिरकी रेघ आली. तिने माणसांची शरीरं मधोमध चिरली. कापलेलं जोडायचं आणि जोड मात्र लपवायचा नाही, हे मला त्या रेघेत दिसतं.

आणि बैल. महिषाच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकातच, त्यांनी पाय बांधून पाडलेला बैल रंगवला. १९७०मध्ये ‘कूडल’ हा लघुपट केला, तेव्हा वांद्र्याच्या कत्तलखान्यात कॅमेरा नेला. बैलाच्या अंगात केवढी ताकद! चार पाय एकत्र आवळले की तीच ताकद जमिनीवर नुसती धडपडत राहते. फाळणीच्या दंगलीत खिडकीतून माणूस मारला जाताना पाहिलेल्या या चित्रकाराला त्या धडपडीत माणूसच दिसला असणार, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून त्यांचा महिष मला नुसता राक्षस वाटत नाही. त्याच्या अंगात तो बांधलेला बैल आहे. देवी त्याला मारते आहे की कवेत घेते आहे? माझी नजर दर वेळी त्या सामाईक रेषेशी येऊन थांबते. तिथलं अंग देवीचं की महिषाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.