गेटच्या बाहेरचे सात फूट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलायच्या राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सचिवांनी मला 'संस्थेच्या आठवणी' असा विषय दिला होता. पण माझ्या आधी चार जण बोलले आणि बोअरला पाणी लागल्यापासून पहिल्या गणपतीपर्यंत सगळ्या आठवणी त्यांनी वाटून घेतल्या. माझ्या वाट्याला गेटच्या बाहेरचा रस्ताच उरला. तोच विषय घेतो. माझी सगळी नोकरी रस्त्याच्या कामात गेली, त्यामुळं दुसरं काही फारसं येतही नाही.

आपल्या संस्थेत पूर्णा, बसमत, लिंबगाव या बाजूची बरीच घरं आहेत. मी चुडाव्याचा. नांदेडला शिकायला आलो तेव्हा मीटरगेजची गाडी होती. चुडाव्याला गाडीत बसलं की मधे लिंबगाव, मग नांदेड. शाळेला जाताना आणि रानात जाताना आम्ही मुलं रस्ता ओलांडायचो, पण त्याला 'ओलांडणं' म्हणतात हे माहीत नव्हतं. दिवसातून दोन एसट्या, एखादा ट्रक, बाकी सगळ्या बैलगाड्या. म्हशी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून त्यांना हाकलायचा.

मग रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला. कुणी केला ते सांगत नाही, कारण त्या काळात मी दुसऱ्या जिल्ह्यात तसलंच काम करत होतो आणि गावोगावचे रस्ते तसेच करत होतो. सगळ्यांना आनंद झाला. आमच्या अण्णांनाही झाला. नांदेड अर्ध्या तासावर आलं म्हणायचे.

त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, संध्याकाळी रानातून घरी येताना अण्णांना एका मोटारसायकलनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. पोरगा गावातलाच होता, तोच त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, रात्रभर बसून राहिला. त्याच्यावर आमचा राग नाही. अण्णा बरे झाले, काठी घेऊन चालायलाही लागले. पण रस्ता एकट्यानं ओलांडायचं त्यांनी सोडलं ते सोडलंच. आमचं रान रस्त्याच्या पलीकडं, घरातून बोलावलं तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पण कुणीतरी हात धरून नेईल म्हणून ते ओट्यावर बसून राहायचे. पुढं रान बटईनं दिलं.

एकदा मी सुट्टीला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या त्या कागदावर काय काय लिहितेत रं?" मी सांगितलं : मुरूम, खडी, डांबर, साइडपट्टी, मोऱ्या, किलोमीटरचे दगड. ते म्हणाले, "आन माणसं?" मी हसलो. नंतर अंदाजपत्रक काढून पाहिलं. खरंच, त्यात माणसाच्या चालण्यासाठी एकही बाब नव्हती. मी बनवलेल्या कुठल्याच अंदाजपत्रकात नसायची. कुणी मागितली नाही आणि मी घातली नाही.

आता चुडाव्यासारख्या गावात काय होतं बघा. अपघात झाला की लोक चिडतात, रास्ता रोको होतो आणि कुणीतरी रातोरात सिमेंटचा गतिरोधक घालून मोकळं होतं. तो असतो हातभर रुंद आणि वीतभर उंच. मोटारसायकलवर मागं बसलेली बाई उडते, गरोदर बाईला ऑटोतून नेताना जीव मुठीत धरावा लागतो. मग दोन महिन्यांत ट्रकवाले त्याच्या कडेनं वाट काढतात, म्हणजे पायी चालणाऱ्याची साइडपट्टीही गेली. गतिरोधक कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसनं 1988 सालीच ठरवून दिलंय. ताशी 25 किलोमीटर वेगासाठी 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलसर. म्हणजे बारा फूट रुंद आणि चार इंच उंच. त्यावर पट्टे आणि अलीकडं फलक. असा गतिरोधक असेल तर गाडी हळू होते, कुणाची कंबर मोडत नाही. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, टेप लागते.

वेगाबद्दल एक आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण चार टक्क्यांनी वाढतो. रस्ता गुळगुळीत झाला की वेग एक टक्क्यानं नाही वाढत, दीडपट होतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणं 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे दर पाचातला एक जण कुठल्याच गाडीत नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे खेड्याचं झालं, आपण शहरात राहतो. शहराचं सांगतो.

2005 च्या डिसेंबरमध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली. महाराष्ट्रातली पाच शहरं त्यात होती : मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि आपलं नांदेड. एवढ्या मोठ्यांच्या पंगतीत आपलं पान मांडलं गेलं ते गुरू-ता-गद्दीमुळं. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये त्रिशताब्दी होती. त्या पैशातून शहरातले मोठे रस्ते झाले आणि नुसते रुंद झाले नाहीत. कडेला चालायला फुटपाथ, काही ठिकाणी सायकलसाठी वेगळी पट्टी, झाडांना जागा. त्या काळात मराठवाड्यातच काय, पुण्यामुंबईतही असे रस्ते थोडेच होते. आपली संस्था तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पोरांना त्या पट्टीवर सायकल शिकवली असेल.

आज ती पट्टी कुठं आहे ते जाऊन बघा. सापडते, पण फटफट्यांच्या खाली. कुठं रसाचा गाडा, कुठं दुकानाचा बोर्ड, कुठं डीपी. गाडेवाल्यांवर सगळा राग काढायची आपल्याला सवय आहे. त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, सर्वेक्षण करून जागा नेमून द्यायची असते. गाडा संध्याकाळी उठतो तरी. आपली गाडी रात्रभर तिथंच असते.

आता पार्किंगचं बोलतो, कारण दरवर्षी वार्षिक सभेत यावरच आवाज चढतो. एका कारला अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा लागते. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळपास 135 चौरस फूट. आपल्या संस्थेतल्या लहान फ्लॅटमधली बेडरूम याहून लहान आहे! ती जागा आत विकत घ्यायची म्हटलं तर आपण बिल्डरशी भांडतो, बाहेर मात्र फुकट मिळाली पाहिजे असं आपल्याला वाटतं. जपानमध्ये 1962 पासून कायदा आहे : गाडी ठेवायला स्वतःची जागा आहे हे दाखवल्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही. आपल्याकडं हे लगेच होईल असं मी म्हणत नाही. पुण्यात 2018 मध्ये महापालिकेच्या सभेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं, तेही विरोधामुळं पाचच रस्त्यांपुरतं, आणि तेवढ्याचाही अंमल रखडला. रस्त्यावरच्या जागेला भाडं म्हटलं की सगळ्या पक्षांचे लोक एका सुरात बोलतात. त्याच पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. त्या दिवशी गाड्या बंद, माणसं मधोमध चालतात. वर्षातून एकदा का होईना.

संस्थेच्या आतल्या पार्किंगबद्दल मात्र कायदा स्पष्ट आहे. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 31 ऑगस्ट 2010 रोजी सांगितलं, की इमारतीखालची स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक आहे. त्यामुळं "मी पैसे देऊन घेतली" हा आपल्याकडचा वाद मिटायला हरकत नाही. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर सोडत काढा. आदर्श उपविधीत तशी सोय आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

मागच्या पावसाळ्यात बी विंगमधल्या एक आजी सकाळी दूध आणायला गेल्या होत्या. गेटच्या उजवीकडं फुटपाथवर कार होती, तिच्या पुढं दोन स्कूटर. त्या खाली रस्त्यावर उतरल्या. मागून येणाऱ्या ऑटोचा आरसा कोपराला लागला आणि त्या पडल्या. हाड मोडलं नाही, दूध सांडलं. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाल्या, "भाऊ, गाडी जरा पुढं लावत जा." कार माझी होती.

मी, ज्याच्या बापाला रस्ता ओलांडता येईना झालं, मी ती गाडी तिथं रोज लावत होतो. आत जागा नाही म्हणून. तेव्हा तिथं कुणी चालतं हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

त्या रात्री टेप घेऊन मोजलं. आपल्या गेटसमोरचा फुटपाथ सात फुटांचा आहे. त्यातले साडेचार फूट आपण गेटच्या उतारासाठी भरून घेतले, गाडीचं बंपर घासू नये म्हणून. त्याचा ठराव आपणच केला होता, सूचक मी. शेजारच्या तीन संस्थांचे उतारही तसेच. उरलेल्या अडीच फुटांत विजेचा खांब आणि कुंड्या. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, चालायला किमान 1.8 मीटर, म्हणजे सहा फूट मोकळे हवेत आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडं सात फूट होते. म्हणजे एक फूट शिल्लक होती!

पालिकेकडं जायचं का? जायचंच. रस्त्यावरचे अडथळे काढणं हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणं त्यांचं बंधनकारक काम आहे. गाड्या कुठं उभ्या करायच्या त्या जागा ठरवायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 मध्ये आहे, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. गावात ग्रामपंचायतीला कलम 53 आहे, रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचं. आणि 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पायी चालणाऱ्याला फुटपाथ मिळणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अतिक्रमणं काढली पाहिजेत आणि अपंग माणसालाही तो वापरता आला पाहिजे. कायदे भरपूर आहेत. पण अर्ज घेऊन गेलो आणि साहेबांनी विचारलं, "तुमच्या गेटचा उतार किती बाहेर आलाय?", तर काय सांगायचं?

म्हणून कार्यकारिणीपुढं मी लेखी सूचना दिली आहे. उतार कंपाउंडच्या आत घ्यायचा. त्यासाठी गेट चार-पाच फूट मागं सरकेल आणि आतली दोन पार्किंगं जातील. त्यातलं एक मला मिळणार होतं, ते मी सोडतो. पाहुण्यांच्या गाड्या मागच्या मोकळ्या जागेत. मगच शेजारच्या तिन्ही संस्थांना सोबत घेऊन, मापांचा नकाशा जोडून, शाळेच्या कोपऱ्यावर झेब्रा पट्टे आणि नियमातला गतिरोधक मागायचा. खर्च येईल, प्रत्येकी किती ते खजिनदार सांगतील. काही जणांचा विरोध आहे, मला फोन आलेत. त्यांचं म्हणणंही खोटं नाही : दोन पार्किंगं गेली तर दोन गाड्या पुन्हा बाहेरच जाणार. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. एका घराची तिसरी गाडी आत ठेवायची का, हा प्रश्न सभेत घ्यावा लागेल आणि तो घेताना माझ्याशी दोन घरं बोलेनाशी होतील, हेही ठाऊक आहे.

चुडाव्याच्या ग्रामसभेतही मी 2 ऑक्टोबरला जाणार आहे. बारा फूट रुंद, चार इंच उंच एवढं कागदावर लिहून. अण्णा आता नाहीत. ओटा आहे, त्यावर आता माझी माय बसते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता गेटपाशी या. चौघं-पाच जण पुरेत, मुलांनाही आणा, त्यांना माप धरायला आवडतं. टेप माझ्याकडं आहे, खडू मात्र कुणीतरी आणा.