परमिट रूम आणि परमिटवाले



या सभागृहाकडे वळण्याआधी चौकात एक पाटी लागते, ‘परमिट रूम’. आपण रोज ती वाचतो आणि हे परमिट कशाचं, असं कधी विचारत नाही. ते पिणाऱ्याचं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही जिवंत आहे, आणि त्याप्रमाणे पेला ओठाला लावण्याआधी माणसाच्या खिशात परवाना हवा. तो किती जणांकडे आहे, हे इथे हात वर करायला सांगून मोजण्याची माझी हिंमत नाही. (हशा)

आज ज्या वादाविषयी बोलायचं आहे, त्यात परमिट पिस्तुलाचं आहे. अमेरिकेत पिस्तुलाचा परवाना असलेल्या माणसाने, जिथे दारू दिली जाते अशा हॉटेलात ते पिस्तूल घेऊन जावं की नाही? ऐकताक्षणी आपण म्हणतो, यात वाद कसला? मीही तसंच म्हणत होतो. मग टेनेसी राज्याची हकीकत वाचली.

२००९ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की परवानाधारकाने पिस्तूल घेऊन हॉटेलात जायला हरकत नाही, फक्त त्याने दारू प्यायची नाही. राज्यपाल फिल ब्रेडेसन यांनी नकाराधिकार वापरला. पण टेनेसीत तो उलथवायला सभागृहांचं साधं बहुमत पुरतं. आठवड्याभरात तो उलथला आणि १४ जुलैपासून कायदा लागू झाला. मग नॅशव्हिलमधले काही हॉटेलमालक कोर्टात गेले.

कोर्टात जे निघालं ते मोठं गमतीचं होतं. कायद्यात लिहिलं होतं की जिथे जेवण देणं हा मुख्य धंदा आहे, तिथेच पिस्तूल चालेल. म्हणजे खाणावळीत चालेल, गुत्त्यात नाही. पण टेनेसीच्या अबकारी कायद्यात निव्वळ ‘बार’ असा प्रकारच नव्हता. पेल्याने दारू विकण्याचा परवाना हवा तर कागदावर तुम्ही रेस्टॉरंटच असायला हवं. मग दारात उभ्या राहिलेल्या माणसाने आतला मुख्य धंदा जेवणाचा की पिण्याचा, हे ओळखायचं कसं? मुदपाकखान्यात डोकावून, की गल्ल्याचा हिशेब मागून? नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीशांनी कायदा संदिग्ध म्हणून रद्द केला. विधिमंडळाने काय करावं? २०१० मध्ये जेवणाची अटच काढून टाकली. दारू मिळते तिथे कुठेही पिस्तूल चालेल, मालकाला नको असेल तर त्याने दारावर तशी पाटी लावावी. राज्यपालांनी पुन्हा नकार दिला, तो पुन्हा उलथला.

टेक्सासने हाच प्रश्न हिशेबाने सोडवला. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न तिथेच बसून पिण्याच्या दारूतून येतं, तिथे मोठ्या लाल अक्षरांत ‘५१%’ अशी पाटी असते, आणि तिथे पिस्तूल नेणं गुन्हा. व्हर्जिनियात तर आणखी मौज. कमरेला उघड पिस्तूल लटकवून हॉटेलात जायला मुभा होती. त्याच पिस्तुलावर कोट घातला की गुन्हा. राज्यपाल टिम केन यांनी २००८ आणि २००९ असं दोनदा हे बदलू दिलं नाही. त्यांच्यानंतर आलेल्या बॉब मॅकडॉनल यांनी सही केली आणि १ जुलै २०१० पासून कोट घालण्याची सोय झाली.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्सासमधल्या किलीन गावी ल्यूबीज नावाच्या भोजनगृहात एक माणूस काचेची खिडकी फोडून ट्रकसकट आत शिरला आणि त्याने २३ माणसं मारली. सुझॅना हप ही तरुणी आई-वडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण जवळ बाळगायला तेव्हा कायद्याची बंदी होती. आई-वडील दोघंही त्या गोळीबारात गेले. पुढे ती आमदार झाली आणि सतत हेच सांगत राहिली की कायदा पाळल्याची मला ही शिक्षा मिळाली. नॅशव्हिलमध्येही, टेनेसीचा तो कायदा मंजूर होण्याच्या दोनच महिने आधी, एका बारमध्ये एका बाईच्या नवऱ्याला तिच्यासमोर गोळ्या घातल्या गेल्या. तिच्याकडे परवाना होता. पिस्तूल गाडीत ठेवून ती आत आली होती. या दोन बायकांपुढे उभं राहून ‘दारू आणि बंदूक एकत्र नको’ हे वाक्य म्हणून बघा. जीभ अडखळते.

तरीही मी त्यांच्या बाजूला जाऊ शकत नाही, आणि त्याचं कारण वेटर आहे. कायदा म्हणतो, पिस्तूल असेल तर पिऊ नका. पण पिस्तूल कोटाखाली आहे. वेटरला ते दिसत नाही, मालकाला दिसत नाही, शेजारच्या टेबलावर पोरंबाळं घेऊन बसलेल्यालाही नाही. समोरच्याने बिअर मागितली तर ती द्यायची की नाही, हे वेटरने कशावरून ठरवायचं? गाडीवाल्याचं तोंड हुंगायला निदान नाक्यावर हवालदार तरी असतो. इथे अट पाळली जाते की नाही हे फक्त पिणाऱ्यालाच ठाऊक, आणि पहिल्या दोन पेल्यांनंतर तोही फारसा भरवशाचा साक्षीदार राहत नाही.

टेनेसीच्या कनिष्ठ सभागृहात हे विधेयक नेणारे आमदार करी टॉड यांना ऑक्टोबर २०११ मध्ये नॅशव्हिलला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. आसनाजवळ भरलेलं .३८ चं रिव्हॉल्व्हर होतं. ते बारमध्ये नव्हते, गाडीत होते, आणि एका माणसावरून सगळ्या परवानाधारकांना धरू नये हे मला मान्य आहे. पण तेही परवानाधारकच होते.

आपल्याकडे हा वाद झाला नाही, कारण इथे पिस्तूल हा हक्क नाही, सरकारची मेहेरबानी आहे. निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि मतदानाच्या आधी दारूची दुकानं बंद होतात. तरी दिल्लीत एप्रिल १९९९ च्या त्या रात्री टॅमरिंड कोर्टमध्ये काय झालं ते आपल्याला आठवतं. दारू संपली, असं सांगणाऱ्या जेसिका लालला गोळी घातली गेली. गोळी घालणाऱ्या मनु शर्माकडे .२२ पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. त्या रेस्टॉरंटकडे दारू देण्याचा परवाना नव्हता.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या बंदुकांविषयीच्या २०२२ मधल्या ब्रुएन निकालापासून प्रश्न असा विचारला जातो की अशी बंदी त्यांच्या इतिहासात होती का. वकील जुनी दप्तरं उपसतात, आणि सापडतं काय, तर कवायतीच्या दिवशी नागरी सैनिकांजवळ दारू विकू नये असे वसाहतींचे नियम! न्यूयॉर्क आणि हवाईच्या बारमधली बंदी अपील कोर्टांनी २०२४ पर्यंत अशाच आधारांवर टिकवली. शिवाय हवाईने टेनेसीचा नियम उलटा केला. मालकाने ‘नको’ची पाटी लावायची नाही, पिस्तूलवाल्याने ‘चालेल’ असा होकार आधी मिळवायचा. मला विचाराल तर हेच बरोबर. दुसऱ्याच्या घरात पादत्राणं घालून जाऊ का, हे पाहुणा विचारतो. यजमानाने उंबऱ्यावर पाटी लावायची नसते.

राहता राहिलं ते परमिट. परवानाधारक म्हणजे तपासून, शिकवून पारखलेला सज्जन माणूस, या एका खांबावर २००९ चा सगळा युक्तिवाद उभा होता. १ जुलै २०२१ पासून टेनेसीत २१ वर्षांवरच्या बहुतेक प्रौढांना पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही.