कंपनी येईल, सातबाऱ्याचं काय?



निवडणूक जवळ आली की जिल्ह्याजिल्ह्यात एक घोषणा हमखास होते. आयटी पार्क आणू, संगणकाच्या कंपन्या आणू, पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागणार नाही. टाळ्या पडतात. आपणही वाजवतो, कारण पोरगं आपल्याच घरात बसलेलं असतं.

आम्ही या कंपन्यांच्या विरोधात नाही. जन्मभर पऱ्हाटीच उपटत राहा, असं पोरांना सांगण्याचा आम्हाला काय अधिकार? पण टाळी वाजवण्याआधी हिशेब करू. सूतगिरणीला कापूस लागतो, म्हणून ती निदान कापसाच्या मुलखाकडे तोंड करून उभी राहते. संगणकाच्या कंपनीला आपल्या रानात पिकणारं काहीच लागत नाही. तिला लागतात शिकलेली पोरं, न जाणारी वीज, भरवशाची इंटरनेटची जोडणी, जवळ विमानतळ. जमीन लागते ती इमारतीपुरती. एका उंच इमारतीत हजारो पोरं बसून काम करतात. मग कागदावर शेकडो एकर येतात कुठून? त्याचं उत्तर नागपूरला मिळतं.

नागपूरच्या मिहान प्रकल्पासाठी 2002 साली राज्य सरकारने विमानतळ विकास कंपनी काढली. विमानतळ धरून 4 हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा तो पसारा. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची रानं त्यात गेली. मोठमोठ्या कंपन्यांनी जागा घेतल्या. पुढे 2008 ची जागतिक मंदी आली. जागा घेतलेल्या सत्यम कंपनीचा घोटाळा जानेवारी 2009 मध्ये उघडा पडला. पाट्या लागल्या, कुंपणं झाली, आत गवत वाढलं. काम आलं ते फार उशिरा, आणि आलं हेही खरं. एचसीएलचं 2018 मध्ये सुरू झालं. आज तिथे विदर्भातली पोरं नोकरीला आहेत, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. पण मधल्या वर्षांत जमिनीचा मालक कुठे होता? शिवणगावचे लोक मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडत होते. कंपनीला थांबणं परवडतं, शेतकऱ्याला नाही.

आणखी एक गंमत बघा. 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या कायद्याखाली तिथल्या कारखान्यांना आणि कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर पूर्ण माफ होता. नवीन येणाऱ्यांसाठी ही सवलत आता संपली आहे. याच देशाच्या सरकारने 5 मार्च 2012 रोजी कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. ओरड झाली म्हणून आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली. संगणकाचा माल बाहेर गेला तर बक्षीस, आपला गेला तर बंदी!

आता दुसरं उदाहरण, पुण्याजवळच्या हडपसरचं. मगरपट्ट्यात सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांची मिळून चारशे एकरांच्या वर जमीन. शहर अंगावर येत होतं. एकेकट्याने बिल्डरला विकली असती तर पैसा आला असता आणि लग्नात, गाड्यांत गेला असता. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःचीच कंपनी केली. ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा. 2000 साली बांधकाम सुरू झालं. घरं विकली, आणि आयटी कंपन्यांना इमारती भाड्याने दिल्या. कालचा ऊसवाला आज भाडं घेणारा झाला. घरच्या पोरांनी तिथलीच कंत्राटं घेतली.

कोणी लगेच म्हणेल, चला, आपणही तेच करू. थांबा. ती जमीन शहराला चिकटलेली होती. आपलं कोरडवाहू रान शहरापासून पन्नास किलोमीटरवर, तिथे कोणी भाडेकरू धावत येणार नाही. मगरपट्ट्याकडून घ्यायचं ते एवढंच : जमीन मागितली गेली तर एकत्र बोलायचं, आणि विक्रीच्या आधी हिस्सा किंवा भाडेपट्टा मागायचा.

सक्तीने घ्यायला आलेच तर कायदा माहीत हवा. 1 जानेवारी 2014 पासून 1894 चा जुना कायदा गेला. नव्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची संमती लागते. मात्र एमआयडीसीचा कायदा वेगळा, 1961 चा. म्हणून हातात नोटीस पडली की ती कोणत्या कायद्याखालची आहे ते आधी वाचा, सही मागून. ताबा घेऊन पाच वर्षं जमीन पडून राहिली तर ती परत करायची, असंही नव्या कायद्यात आहे. पण त्यात एक पळवाट ठेवली आहे : मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेला. त्या ‘किंवा’साठीच भांडावं लागेल. मालकालाच परत, हे आधी लिहून घ्या.

आणि भाव? तो ठरतो सरकारी मुद्रांक दराने किंवा जवळपासच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून. त्यातल्या जास्त दराच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात. दोन्हींत जो आकडा मोठा तो धरतात. गावाकडच्या जमिनीला राज्य ठरवील तसा एक ते दोनचा गुणक लागतो, वर तेवढाच दिलासा. म्हणजे सगळी इमारत उभी आहे खतावरच्या आकड्यावर. आणि खतावर आपण काय लिहितो? मुद्रांक वाचावा म्हणून अर्धा भाव! दहा हजार वाचवायला जातो आणि सगळ्या शिवाराची किंमत पाडून ठेवतो. शेजाऱ्याच्या खोट्या खताने आपलंही रान स्वस्त होतं.

तेव्हा प्रत्येक गावाने एक काम करायचं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून गेल्या तीन वर्षांतल्या आपल्या शिवाराच्या खरेदीखतांच्या नकला काढायच्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचायच्या. पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत.