शाईच्या पोटातले रंग
(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



मी मराठी शिकविणारी; प्रयोगशाळेचा उंबरठा क्वचितच ओलांडलेली. तरीही आज शाईच्या एका प्रयोगाविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात गुणांचा आकडा मागाहून वाढविलेला आढळला. दोन्ही शाया काळ्याच, डोळ्यांना एकसारख्या. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, “थोडी शाई काढून तपासता येईल.” मी म्हटले, “पुस्तकाला हात लावू नका. प्रयोग वर्गात करू, दोन नव्या पेनांवर.”

काचपट्टीवर सिलिका जेलचा पातळ थर होता. खालच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर दोन काळे ठिपके दिले आणि पट्टी झाकणाच्या भांड्यात, ठिपके बुडणार नाहीत इतक्याच द्रावकात उभी केली. द्रावक थरातून वर चढू लागला. सिलिकेला घट्ट धरणारे रंग मागे राहिले, द्रावकात रमणारे पुढे गेले. एका काळ्यातून जांभळा आणि पिवळा निघाला, दुसऱ्यातून निळा आणि नारिंगी. रंगाने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर, हीच त्या रंगाची ओळख. १९०३ साली वॉर्सा येथे मिखाईल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीतून पानांतील रंग असेच वेगळे केले होते. पातळ थराची युक्ती १९३८ साली खारकॉव्ह येथे इझमायलोव्ह आणि श्रायबर यांनी योजिली. आज संशयित दस्तऐवजांच्या तपासात ती उपयोगी पडते.

बाईंनी मुलांना एक मर्यादाही सांगितली. रंग वेगळे निघाले तर शाया दोन आहेत, हे ठरते. सारखे निघाले तरी पेन एकच होते, असे ठरत नाही. आणि लिहिणारा हात कोणाचा, हे तर पट्टी कधीच सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वी तो मुलगा माझ्या दाराशी उभा होता. “बाई, आकडा मीच वाढवला. नापास झालो तर बाबा मराठी शाळेतून काढणार होते.”

त्या संध्याकाळी मी पुरानी बस्तीतील त्याच्या घरी गेले. वडिलांशी दीर्घ बोलणे झाले. गुण होते तेच राहिले, शिक्षाही झाली. पण मुलगा शाळेतच राहिला आणि येथूनच दहावी झाला.

पालकहो, आपल्या पूर्वजांची मोडी कागदपत्रे काजळी आणि डिंकाच्या शाईने लिहिलेली असत. काजळी द्रावकात विरघळत नाही. तिचा ठिपका जागचा हलत नाही. आजच्या शायांप्रमाणे आपली मुले अनेक रंगांची आहेत, आणि भीती हाही त्यांतील एक रंग आहे. प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी मुलाला क्षणभर जवळ बसवा आणि तो काय सांगतो ते ऐका, एवढीच या शाळेच्या साठाव्या वर्षी माझी विनंती.