शोधकर्त्याला सोबत हवी



चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे छोटे गाव आहे. १९८३ साली तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना आपल्या धानाच्या बांधीत तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. पेरले होते 'पटेल-३' हे वाण. या लोंब्यांचा रंग निराळा होता, दाणाही बारीक. दादाजी तिसरीपर्यंत शिकलेले, जमीन जेमतेम दीड एकर. त्यांनी त्या लोंब्या जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी कुंपण केले. पुढे कित्येक हंगाम त्यांची निवड चालू होती. त्यातून जो तांदूळ बाजारात गेला त्याला व्यापाऱ्याने त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव दिले. आज विदर्भात, छत्तीसगडात, मध्य प्रदेशात हे नाव माहीत नाही असा तांदळाचा दुकानदार सापडणे कठीण.

या कहाणीचा इथवरचा भाग बहुतेकांनी ऐकलेला असतो. मला आज त्यानंतरच्या भागाविषयी बोलायचे आहे. बियाणे हातोहात गेले. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शुद्धीकरण करून 'पीकेव्ही-एचएमटी' नावाने वाण प्रसारित केले, पण श्रेयात दादाजींचे नाव आले नाही. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. पुढे 'फोर्ब्स'सारख्या मासिकाने त्यांची दखल घेतली. त्यांनी एकामागून एक आणखी वाणे काढली. तरीही ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा घरची ओढाताण संपलेली नव्हती. या माणसाला सन्मान मिळाले. बियाण्याची शास्त्रीय चाचणी, हक्काची नोंद, बियाणे वाढवायला भांडवल आणि विकायला व्यवस्था मात्र वेळेवर मिळाली नाही.

आता पश्चिम महाराष्ट्राकडे वळू. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी 'थॉमसन सीडलेस' द्राक्षातून 'तास-ए-गणेश' निवडले. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' ही वाणे दिली. काम मुळात दादाजींच्याच जातीचे: बागेत हिंडताना एक वेगळा घड नजरेत भरणे आणि मग त्याचा पिच्छा न सोडणे. पण या बागायतदारांच्या पाठीशी १९६० पासूनचा महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ होता. त्याच्या बैठका, त्याचे 'द्राक्षवृत्त' मासिक, एकमेकांच्या बागा पाहायला जाण्याची रीत, काड्या देण्याघेण्याचा व्यवहार होता. नवे वाण निघाले की कुणाच्या बागेतून निघाले हे सगळ्यांना ठाऊक असे. नागभीडच्या धानकऱ्याला असा संघ नव्हता. बुद्धी दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो आधाराने, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधार म्हणजे अनुदान, अशी आपली समजूत झाली आहे. पण वाण, अवजार आणि पद्धत या तिन्ही प्रकारच्या शोधांच्या गरजा निरनिराळ्या आहेत, आणि त्या समजून घ्यायला हव्यात.

वाणाचे पाहू. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा, त्याचे प्राधिकरण आले २००५ साली. शेतकऱ्याने नवे वाण काढले तर त्याला संशोधकासारखाच हक्क मिळतो, शुल्कही माफ. जगात असे कायदे फार नाहीत, याचा मला अभिमान वाटतो. पण वाण 'नवीन' म्हणून नोंदवायचे तर ते देशात विकायला काढल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वाण इतरांहून वेगळे आहे, एकसारखे येते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे सिद्ध करावे लागते. शेतकरी काय करतो? शेजाऱ्याने मागितले की पायलीभर देतो, बाजारात नेतो. अर्जाचा विचार डोक्यात येईपर्यंत वर्ष उलटून गेलेले असते. मग 'शेतकऱ्यांचे वाण' म्हणून नोंदवण्याची दुसरी वाट उरते. तिथेही कागद तयार करणारा माणूस लागतोच. हा माणूस तालुक्याच्या गावी बसलेला हवा.

अवजाराचे दुखणे वेगळे. गावच्या लोहाराने किंवा वेल्डिंगवाल्याने चांगले कोळपे, टोकणयंत्र किंवा मळणीचा सुटसुटीत सांगाडा बनवला, तर तो शेजारच्या चार गावांत खपतो आणि थांबतो. अनुदानाच्या यादीत बसायचे तर मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल हवा. त्यासाठी नमुना नेणे, आराखडा काढून घेणे, सुचवलेले बदल करून पुन्हा नेणे, हे हातावर पोट असलेल्या कारागिराला झेपत नाही. मोठा कारखानदार तीच कल्पना उचलतो आणि तिचा अहवाल मिळवतो. कारागिराला लेथ असलेली सामायिक कार्यशाळा आणि चाचणीचा खर्च एवढे मिळाले, तरी चित्र पालटेल. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने लघुउद्योग विकास बँकेच्या (सिडबी) साहाय्याने २००३ मध्ये छोट्या शोधांसाठी बिनतारणाचा भांडवल निधी उभारला. ती दिशा बरोबर होती. पण गुजरातेत असलेला निधी अहेरीपर्यंत पोहोचवायला मधे माणसे लागतात.

पद्धतीचा शोध तर पेटंटच्या कक्षेतच येत नाही. शेतीची पद्धत हा पेटंटचा विषय नाही, असे १९७० चा कायदा सांगतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेण्याचे 'सगुणा भात तंत्र' रुजवले, ते मुक्तपणे वाटत. अशा शोधाला लागतो तो फिरून पाहणी करणारा, वेगळ्या मातीत ते कसे चालले याची नोंद ठेवणारा विस्तार कार्यकर्ता.

जंगलाच्या बाबतीत मला गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) सर्वांत शिकण्यासारखे वाटते. धानोरा तालुक्यातले हे गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू कुणाचा, यावर वाद झाला. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे. वनखाते ते मानायला तयार नव्हते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हा विजय गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांचा. त्याच्या मागे एक सेवा होती, ती आपल्याकडे कुठल्याच योजनेत नाही: अभ्यासगट. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे साथी गावात बसत, कायदा वाचून दाखवत, प्रश्न विचारत. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. आग्या मोहोळाचा मध काढण्याची रीतही अशीच बदलली. पूर्वी धूर आणि आगीने माश्या मरत. अभ्यासकाच्या सोबतीने गावकरी संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापायला शिकले. पिलाव्याचा भाग तसाच राहिला, त्यामुळे पोळे पुन्हा भरू लागले. अभ्यासक ज्ञान घेऊन आला आणि गावाच्या निर्णयाआड आला नाही, म्हणून हे घडले.

आज विदर्भातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता आणि बांबू स्वतः विकतात. त्यांना लिलावाच्या अटी समजावणारा, वजनाची आणि मजुरीची वही तपासणारा, जीएसटीची विवरणपत्रे भरणारा माणूस हवा असतो. तो न मिळाला की ठेकेदाराचाच मुनीम ते काम करतो, आणि हक्क कागदावर गावाचा राहून व्यवहार पुन्हा जुन्याच हाती जातो. ही धोक्याची घंटा मानली पाहिजे.

यासाठी नवे महामंडळ काढण्याची गरज मला दिसत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. शेतकऱ्याने आणलेले वाण त्यांनी दोन-तीन ठिकाणी पेरून पाहावे आणि निकाल त्याच्या नावानिशी छापावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. त्या वहीत कुणी, कुठे, कधी काय टिपले हे तारखेसह, साक्षीसह लिहिले गेले, तर ते उद्या श्रेयाचा पुरावा होईल. महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाने अशा वाणांचे बियाणे मोबदला देऊन वाढवायला घ्यावे.

आपल्यापैकी बहुतेकांची नाळ कुठल्यातरी गावाशी जुळलेली आहे. या सुटीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही मागा. कुणाच्या बांधीत, बागेत, रानात काही वेगळे सापडले असेल आणि त्याचे नाव तिथे नसेल, तर ते लिहून घ्यायला लावा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पत्र पाठवा. एवढे काम आपण प्रत्येकाने करावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.