भुईआवळीची परीक्षा



घरात कोणाला कावीळ झाली की परसातली भुईआवळी उपटून आणायची आणि तिचा रस रोग्याला द्यायचा, ही आपल्याकडील जुनी रीत. बेंगळुरूत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हे रोपटे परके नाही. त्याच्या कीर्तीची शास्त्रीय परीक्षा कशी झाली, हे जाणून घेणे बोधप्रद आहे.

हिपॅटायटिस बी या विषाणूचा शोध लावणारे बरूच ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ साली ते भारतीय विज्ञान अकादमीचे रामन अभ्यागत प्राध्यापक म्हणून याच बेंगळुरूत आले होते. भुईआवळीने त्यांचेही लक्ष वेधले होते. परंतु औषध तपासायचे कोणावर? प्रयोगशाळेतील साध्या उंदराला हा विषाणू बाधत नाही. उपाय सापडला तो वुडचकमध्ये. खारीच्या कुळातील, बिळात राहणारा हा अमेरिकेतील कुरतडणारा प्राणी. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील वुडचक यकृताच्या कर्करोगाने दगावत होते. १९७८ साली त्यांच्यात हिपॅटायटिस बीचाच जणू भाऊबंद असा विषाणू आढळला. माणसात अनेक दशके चालणारा आजार या प्राण्यात थोड्या वर्षांत पाहता येऊ लागला.

१९८७ साली ब्लूमबर्ग व सहकाऱ्यांनी भुईआवळीच्या अर्काचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुकतीच लागण झालेल्या ४ पैकी ३ वुडचकांच्या रक्तातून विषाणूच्या खुणा नाहीशा झाल्या. जुनाट लागण असलेल्यांत मात्र यश अपुरे होते. तोंडावाटे अर्क दिलेल्या एका प्राण्यावर तर काहीच परिणाम झाला नाही. पुढच्याच वर्षी मद्रासमधील डॉ. थ्यागराजन यांच्या चाचणीत ३७ पैकी २२ रुग्णांच्या रक्तातील विषाणूची खूण गेल्याचे दिसले. आशा उंचावली. पण थायलंडसह इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसे यश आले नाही. रोपाची जात, अर्क काढण्याची पद्धत अशी कारणे शोधली गेली. ठाम पुरावा मात्र उभा राहिला नाही. याच वुडचकांवर दीर्घकाळ तपासलेले एन्टेकॅव्हिर हे औषध आज रुग्णांना दिले जाते.

मग पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा का? तसे नव्हे. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ बहुधा आपोआप उतरते, आणि श्रेय मुळीला मिळते. हिपॅटायटिस बीचे जुने दुखणे मात्र अनेकदा डोळे पिवळे न करताच यकृत पोखरते. प्रसूतीच्या वेळी आईकडून लागण झालेल्या, लस न मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत ते कायमचे घर करते. म्हणूनच गरोदरपणी रक्ततपासणी आणि जन्मानंतर २४ तासांच्या आत लस, यांना पर्याय नाही. गरोदर स्त्रीला वा नवजात बाळाला कावीळ दिसली, तर एक दिवसही दवडू नये.

आजीच्या बटव्याविषयी आदर असावा. त्याची परीक्षा घेणे हा अनादर नव्हे. शाळेने हीरक महोत्सवापर्यंतच्या वाटचालीत मुलांना ‘कशावरून?’ असे विचारायला शिकवले. तोच प्रश्न घरातही निःसंकोचपणे विचारला जावा आणि त्याच्या उत्तराने एखादे बाळ सुरक्षित राहावे, हीच या शिक्षणाची खरी सार्थकता.