सालदाराची जुनी बाकी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पाडवा जवळ आला की आपल्या वऱ्हाडात सालदार ठरविण्याची घाई सुरू होते. वरुड-मोर्शीकडील संत्रा बागाईतदार असो की दर्यापूर-अकोटकडील कापूस उत्पादक, चांगला गडी दिसला की पहिली चौकशी होते, "मागच्या मालकाची बाकी किती?" नवा मालक बाकी भरतो व गडी घेऊन येतो. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात कायदा येतो असे वाटतच नाही.

समजा, एका सालदाराने मुलीच्या लग्नासाठी २० हजारांची उचल घेतली. साल संपले तेव्हा ८ हजार अंगावर राहिले. मालक म्हणाला, "बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही." येथे उचलीचे स्वरूपच बदलते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याप्रमाणे, उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्यास अडविणे, त्याच्या येण्याजाण्यावर बंधन घालणे किंवा नाममात्र मजुरीवर राबविणे, यांपैकी एक गोष्टही पुरेशी आहे. कागद केलेला असो वा नसो. असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच कायद्याने संपविली आहे. त्याची वसुली स्वीकारणाराही गुन्हेगार ठरतो व त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्ज या प्रकारचे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझेही मालकावरच आहे.

मजुरीबाबतही सावध असावे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे सक्तीची मजुरीच, असे ठरविले.

आता नव्या मालकाचे पाहू. आपण ८ हजार भरले म्हणून गडी आपल्याला बांधला गेला, असे होत नाही. "मी तुला सोडवून आणले" असे म्हणून त्याला अडवाल तर मागच्या मालकाचा गुन्हा आपल्या दारात येईल.

मग दिलेली प्रत्येक उचल बुडाली काय? मुळीच नाही. दोन ठिकाणी उचल घेऊन ऐन हंगामात नाहीसे होणारे गडीही आहेत आणि आपली तक्रार खरी आहे. मजुरी पूर्ण दिली, जाण्यास मोकळीक ठेवली, तर उचल हे साधे कर्ज असते. त्यासाठी साधारणतः तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. मात्र पैसे मागता येतात, माणूस मागता येत नाही.

सालदार वारला तर? मुलाने बापाच्या जागी कामावर यावे, ही अपेक्षा गावोगाव धरली जाते. साधे कर्ज असले तरी वारसाची जबाबदारी बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. ज्याला वारशात काही मिळाले नाही त्याच्याकडे मागण्यासारखेही काही नाही. त्याच्या अंगमेहनतीवर तर कोणाचाच हक्क नाही.

येत्या पाडव्याला उचल देताना तारीख, रक्कम, ठरलेली मजुरी व दरमहा कपात दोन प्रतींत लिहावी आणि एक प्रत गड्याला द्यावी. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्याच माणसाकडून ती वाचून घ्यावी. कोणाला अडवून ठेवल्याचे कळले तर तहसीलदार, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे अर्ज करता येतो.